मुद्दाम चुकणारे मापारी सर

मापारी सरांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर पातेले होते.

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. ज्यांच्याविषयी मनात इतका आदर आहे, त्यांच्याबद्दलच्या पहिल्याच वाक्यात पातेले यावे हे मला बरे वाटेना. शेवटी संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांना विचारले. ते म्हणाले, "खरं आहे ना? मग लिहा." खरे आहे, म्हणून लिहिते.

बुलढाण्यात बाजाराच्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर सरांचे वाचा-उपचार केंद्र आहे. उशिरा बोलणारी, अडखळणारी, कमी ऐकू येणारी लहान मुले तिथे येतात. माझा बी.ए.चा निकाल नुकताच लागला होता. केंद्रात नावनोंदणीसाठी मदतनीस हवी आहे असे कळले, म्हणून मी देऊळघाटहून आले, जिना चढले आणि दारात उभी राहिले. आत सतरंजीवर एक भरदार अंगाचे, पिकल्या मिशांचे गृहस्थ मांडी घालून बसले होते. डोक्यावर पातेले होते आणि हातात एक एवढासा मोजा. तो मोजा ते स्वतःच्या पायात घालायची मनापासून खटपट करत होते आणि तो अंगठ्याच्या पुढे सरकत नव्हता. समोर तीनेक वर्षांचा एक मुलगा उभा होता. घरातल्या कर्त्या माणसाने वाया गेलेल्या भाच्याकडे पाहावे, तसा तो सरांकडे पाहत होता. त्याची आई तोंडाला पदर लावून हसू आवरत होती.

सरांनी मला पाहिले. "या, या," म्हणाले आणि मुलाकडे वळून त्यांनी विचारले, "विहान, ताई आल्या. ताईले बसाले काय देऊ बरं?" असे म्हणत त्यांनी कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली ओढली आणि माझ्यासमोर ठेवली. "बसा ताई."

मी म्हणाले, "सर, ही बादली आहे."

विहानने उघडलेले तोंड मिटले. सरांनी डोक्यावरचे पातेले काढले आणि ते मोठ्याने हसले. "बाई, तुम्ही त्याच्या तोंडचा घास पळवला! तो आता सांगणारच होता मले."

मला काही कळले नाही. आपले काहीतरी चुकले एवढे मात्र कळले आणि कानशिले तापली. काम गेलेच असे समजून मी चपला शोधायला लागले, तर सर म्हणाले, "चालल्या कुठं? बादलीले बादली म्हणणारं माणूस मले पाह्यजेच होतं. नोंदी तरी बरोबर होतील."

आमची ओळख झाली ती अशी.

माझ्याविषयी दोन शब्द लिहिणे मला संकोचाचे वाटते; पण त्याशिवाय सरांनी मला काय दिले ते सांगता येणार नाही. माझे वडील गवंडी आहेत. त्यांच्या हातची भिंत सरळ आहे का, हे ओळंबा लावून पाहावे लागत नाही, असे देऊळघाटात लोक म्हणतात. पण त्यांना सही येत नाही, आईलाही येत नाही. मोठा भाऊ गजूदादा वडिलांबरोबर लहानपणीच कामाला लागला. घरात शाळेचे तोंड पाहिलेली मी पहिली. त्यामुळे गल्लीत कोणाकडेही कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे यायचा. शेजारच्या काकूंच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, ते मी चौथीत असताना वाचून सांगितले होते. घरी आल्यावर वाटले, आपण 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणाआधी' तर सांगितले नाही? मी पुन्हा गेले. बाटली पुन्हा वाचली. झोपताना पुन्हा तोच विचार. माझ्या वाचण्यावर कोणाचे तरी दुखणे-खुपणे अवलंबून आहे, हे ज्या मुलीला इतक्या लवकर कळते, ती चुकायला भिते. चुकायचे नाही, हाच माझ्या सगळ्या शिक्षणाचा सारांश होता.

आणि मला काम मिळाले ते अशा माणसाच्या हाताखाली, जे दिवसभर मुद्दाम चुकतात.

सरांची पद्धत अनेकांनी पाहिली आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. सर मुलाला "हे म्हण, ते म्हण" असे कधीच म्हणत नाहीत. ते मुलाच्या ओळखीचे, रोजचे एखादे काम घेतात आणि त्यात चुकतात. खाऊचा डबा देतात, पण झाकण घट्ट लावून. गाडी देतात, पण चाके काढून. चहाच्या कपात साखरेऐवजी खडू घालतात आणि ढवळत बसतात. रोजचे बडबडगीत म्हणताना नेमका शेवटचा शब्द 'विसरतात'. मग ते थांबतात. मुलाकडे बघत, चेहऱ्यावर 'आता कसं करावं बुवा' असा भाव ठेवून, नुसते थांबतात. मूल हात ओढेल, बोट दाखवेल, 'अं' करेल, किंवा शब्द बोलेल. जे करेल ते सर बोलणे म्हणूनच स्वीकारतात. विहानने त्या दिवशी थोड्या वेळाने "खुच्ची" म्हटले. सरांनी "खुच्ची नाही, खुर्ची" असे म्हटले नाही. "हो की, खुर्ची! ताईले खुर्ची देऊ," म्हणाले. बरोबर शब्द मुलाच्या कानावर पडला आणि त्याचा शब्दही वाया गेला नाही.

"चुकणं सोपं हाये," सर मला म्हणत, "त्याच्यानंतर गप्प बसणं अवघड. मोठ्या माणसाले ते जमत नाही."

या चुकण्यातही त्यांची शिस्त आहे. जे मुलाला पक्के माहीत आहे, त्यातच चुकायचे. मूल घाबरलेले, भुकेले, आजारी असेल तर पातेले खाली ठेवायचे. आणि सगळ्याच्या आधी कान. मुलाला नीट ऐकू येते की नाही हे तपासल्याशिवाय सर कोणालाही सतरंजीवर बसवत नाहीत. "पोट्टं बोलत नाही म्हून देवळात नेलं, मांत्रिकाकडं नेलं, अन कानाच्या डॉक्टरकडं नाही नेलं," हे वाक्य ते रागाने म्हणतात. मी त्यांना रागावलेले पाहिले ते बहुधा याच कारणासाठी.

महिन्यातून एकदा सर साखरखेर्ड्याला जातात, तेही आठवडी बाजाराच्या दिवशी. बाया बाजाराला येतातच, त्यासाठी वेगळी मजुरी बुडवावी लागू नये, हा त्यामागचा विचार. एकदा तिथे एक आजी नातवाला घेऊन आल्या. सोबत सून होती. आजींनी बसल्या बसल्या सुरुवात केली, "सर, ही सूनच घुमी हाये. दिवसभर तोंडातून शबुद काढत नाही. मंग पोट्टं कसं बोलंल?" सून मान खाली घालून पदराचे टोक पिळत होती.

सरांनी शांतपणे विचारले, "आजी, तुमचा पोरगा कधी बोलाले लागला होता?"

"तो? तो बी उशिराच. चार वर्साचा झाला तरी बोट दाखवे नुसता."

"अस्सं. म्हंजे तवा तुम्ही घुम्या होत्या?"

रांगेतल्या बाया एकदम हसल्या, कारण तासभर त्या आजींचेच बोलणे ऐकत होत्या. मागून कोणीतरी म्हणाले, "मायबाई, ही अन घुमी!" आजीही हसल्या आणि सुनेनेही मान वर केली. मग सरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, की मूल उशिरा का बोलते याची कारणे पुष्कळ असतात आणि त्यांत 'आई' हे कारण नसते. हे वाक्य ते प्रत्येक ठिकाणी सांगतात. कितीतरी आया ते ऐकण्यासाठीच दुसऱ्यांदा येतात असे मला वाटते.

घरची भाषा सोडू नका, हा त्यांचा दुसरा आग्रह. सिंदखेडराजा तालुक्यातले एक शिक्षक मुलाशी पुस्तकी मराठीत आणि अधूनमधून इंग्रजीत बोलत. आजी-आजोबांनाही त्यांनी तसेच बजावले होते. परिणाम असा, की आजी-आजोबा नातवाशी बोलायचेच बंद झाले होते. सरांनी विचारले, "गुरुजी, तुम्ही याच्यावर रागावता कोणत्या भाषेत?" गुरुजी ओशाळून म्हणाले, "रागावताना... आपलीच येते." सर म्हणाले, "मग लाडबी तिच्यातच करा ना."

देऊळघाटचा अयान आपल्या दादींबरोबर येई. सरांनी चमच्याने केस विंचरायला घेतले, तर अयान ओरडायच्या आधी दादीच कळवळल्या, "या अल्लाह, इत्ते बड़े आदमी को चम्मच नहीं मालूम!" आणि त्यांनी सरांना चमचा कसा धरायचा ते नीट समजावून सांगितले. मी मनातून फार सुखावले. बादलीला बादली म्हणणारी मी एकटी नव्हते. पुढे दादींनी विचारले, अंगणवाडी मराठी आहे, तर घरातही मराठी बोलायचे का? सर आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "दादी, आप घर में जो बोलते ना, वोइच बोलो. अंगणवाडी की मराठी वो अंगणवाडी में सीख जाता." अयान आज दोन्ही भाषांत भांडतो.

सगळीच मुले बोलू लागत नाहीत, हेही इथे लिहिले पाहिजे. ते न लिहिणे सरांना आवडणार नाही. साखरखेर्ड्याच्या एका मुलीच्या वडिलांनी विचारले होते, "सर, बोलंल ना ही?" सर म्हणाले, "मले माहीत नाही." इतकी वर्षे काम केलेल्या माणसाने असे म्हणावे, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. मग ते म्हणाले, "पण तिले काय म्हणाचं हाये ते तुम्हाले कळंल, एवढं आपण करू." तिच्यासाठी चित्रांचा एक पुठ्ठा केला. बाजाराच्या दिवशी तिने जिलबीच्या चित्रावर बोट ठेवले. सरांनी तिला भजे दिले. तिने सरांकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले आणि त्यांनी धरलेल्या पुठ्ठ्यावरच्या जिलबीवर असा जोरात पंजा मारला, की पुठ्ठा खाली पडला. वडील आनंदाने ओरडले, "रागावली! सर, माह्यावर रागावली ती!" भर बाजारात मुलगी आपल्यावर रागावली म्हणून डोळे पुसणारा बाप मी त्या दिवशी पाहिला.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायचे धाडस मी केले, तो सांगते.

गजूदादाची मुलगी आराध्या. तिला आम्ही आरू म्हणतो. ती अडीच वर्षांची होत आली तरी एकही शब्द बोलत नव्हती. सरांनी कान तपासून घ्यायला लावले. कान चांगले होते. तिला सगळे समजत असे, ती हसे-खेळे, फक्त बोलणे नव्हते. घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तू लोकाईच्या पोराईले बोलतं करून राह्यली अन आपल्या पोट्टीले काऊन नाही?" वहिनी काही बोलत नसे, पण मी घरी आले की माझ्या तोंडाकडे बघे. बाबा तर तिच्याविषयी बोलतच नसत. ते तिला कडेवर घेऊन अंगणात विटांपाशी नेऊन बसवीत आणि ती विटांचे तुकडे रचत बसे.

घरात शिकलेली मी एकटी. मी ठरवले, की हे आपल्यालाच केले पाहिजे. आणि सरांजवळ रोज जे पाहत होते ते सगळे विसरून मी मास्तरीण झाले. संध्याकाळी तिला समोर बसवायचे, बिस्कीट वर धरायचे आणि म्हणायचे, "आरू, म्हण, बिस्कीट. म्हण. म्हटल्याशिवाय नाही मिळणार." आपल्या घरच्या मुलीच्या बाबतीत चुकायला मला जागाच नव्हती, असे मला वाटत होते. ती माझ्या तोंडाकडे बघे, मग बिस्किटाकडे, मग जमिनीकडे. मी आणखी हळू, आणखी स्पष्ट बोले.

पूर्वी माझी चाहूल लागली की आरू फाटकापर्यंत धावत यायची. एका संध्याकाळी मी फाटक उघडले आणि मला पाहून ती वहिनीच्या मागे लपली. दुसऱ्या दिवशीही लपली. ती बोलत नव्हती तोवर निदान माझ्याकडे येत तरी होती; आता तेही गेले.

मी सरांना सांगितले, की मला हे काम सोडायचे आहे. जी घरातल्या एका लेकराला पळवून लावते, तिने केंद्रात कशाला बसावे? सरांनी माझी समजूत घातली नाही. त्यांनी विचारले, "आरूले काय आवडते?"

"बाबा. आणि विटा."

"रविवारी येतो," ते म्हणाले.

रविवारी सर आणि त्यांच्या पत्नी, मापारी काकू, स्कूटरवरून देऊळघाटला आले. आईने सकाळपासून अंगण सारवून ठेवले होते. सरांनी चहा घेतला, आरूकडे मुळीच पाहिले नाही आणि सगळ्यांना म्हणाले, "आजपासून या घरात सगळ्याइनं चुकायचं."

आई म्हणाली, "सर, आम्ही तं तशेबी चुकतोच. अंगठेबहाद्दर माणसं आम्ही."

"तसं नाही वो. मुद्दाम. पोरीले समजलं पाह्यजे असं."

गजूदादाला ते लगेच जमले. त्याने तिथल्या तिथे सदरा उलटा घातला. वहिनीने लाजत लाजत आरूची वाटी पालथी ठेवली. सर बाबांकडे वळले. बाबा अंगणात आरूसोबत तुकड्यांची भिंत रचत बसले होते. आरू तुकडा देई, बाबा लावत.

"मिस्त्री, एक वीट वाकडी लावा."

बाबांनी मान हलवली. "सर, दुसरं काहीबी सांगा. वाकडी वीट माह्या हातून लागत नाही."

"खेळातली भिंत हाये ना."

"खेळातली असली तरी भिंतच हाये."

सरांनी विनवले, तेव्हा बाबांनी एक तुकडा तिरपा ठेवला. पण त्यांचा हात मागे फिरण्याआधीच बोटांनी तो सरळ केला. सर म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच झाले. बाबांच्या कपाळावर घाम आला. काकू हसून म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, याह्यच्यापाशी शिका. याह्यच्या हातून घरात एक खिळा सरळ लागत नाही. भाजी विसरून येतात अन म्हणतात, मुद्दाम विसरलो." सर म्हणाले, "ते मुद्दामच असते." काकू म्हणाल्या, "हाव, बत्तीस वर्षं मुद्दामच चाललं हाये."

सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांनी एक तुकडा उचलला, भिंतीवर असा ठेवला की तो अर्धा बाहेर लोंबत राहिला, आणि आपलेच हात फितूर होऊ नयेत म्हणून दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

मला राहवले नाही. "बाबा, ती वाकडी..." इतके शब्द माझ्या ओठांवर आले होते. सरांनी माझ्याकडे नुसते पाहिले. त्यांच्या त्या पाहण्यात बादली होती. मी तोंड मिटले. डोळ्यांसमोर एक गोष्ट चुकीची आहे आणि आपण ती तशीच राहू देतो आहोत, असे माझ्या आयुष्यात तोवर कधी घडले नव्हते.

आरूने विटेकडे पाहिले. बाबांकडे पाहिले. बाबा आभाळाकडे बघत होते. तिने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. बाबा आभाळाकडेच बघत राहिले. तेव्हा ती उठली, त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाई!"

आणि दोन्ही हातांनी वीट आत ढकलली.

"नाई?" बाबांनी विचारले.

"नाई," आरू म्हणाली.

"बरोबर हाये मालकीणबाई," बाबा म्हणाले. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती तिथेच खाली बसली. बाबांनी दुसरा तुकडा उचलला आणि कोणी न सांगता तो वाकडा ठेवला. तेवढ्यात रस्त्याने त्यांचे एक सोबती चालले होते. ते कुंपणावरून डोकावून म्हणाले, "काय बे मिस्त्री, हात हालाले लागला का आता?" ज्यांच्या भिंतीला ओळंबा लावावा लागत नाही, ते माझे वडील हसत म्हणाले, "हाव, नव्यानं शिकून राह्यलो."

त्या दिवशी सर जाताना मला म्हणाले, "हे चुकण्यामुळं झालं असं कुठं सांगत फिरू नका. तिची वेळ आली होती. आपण फक्त मधातून बाजूले झालो." म्हणून मीही तसे लिहीत नाही. त्या 'नाई'नंतर बरेच दिवस दुसरा शब्द आला नाही. पुढचे शब्दही एकेक करून, सवडीने आले. सर अधूनमधून विचारपूस करत, पण घाई करत नसत.

माझे मात्र अजून बाकी होते. आरू अजूनही मला पाहून लपत होती. एका संध्याकाळी मी घरी आले, बिस्किटाचा पुडा वहिनीकडे दिला आणि उंबऱ्याशी बसून वहिनीच्या चपला पायांत घातल्या. उजवी डाव्यात, डावी उजव्यात. मग गप्प बसले. सर म्हणतात ते खरे आहे. चुकण्यापेक्षा ते अवघड होते. बऱ्याच वेळाने वहिनीच्या मागून एक डोके बाहेर आले. मग आरू आली, माझ्या पायांशी बसली, एक चप्पल ओढून काढली, दुसरी काढली आणि अदलाबदल करून घातली. बोलली काहीच नाही. काम झाल्यावर हात झटकले आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर केंद्रात गेले. सरांनी विचारले, "काम सोडायचा अर्ज आणला का?" मी म्हणाले, "मुद्दाम विसरले सर." त्यांनी डोक्यावरचे पातेले काढून माझ्या डोक्यावर ठेवले. त्यांच्याच आग्रहाने मी आता या विषयाची पदविका करते आहे.

आरू आता पाच वर्षांची आहे आणि तिच्या बोलण्याला खंड नाही. आई परवा सरांना म्हणाली, "सर, आता इले गप बसवाचं काही औषध असंल तं द्या." सर म्हणाले, "ते आमच्याकडं मिळत नाही."

हा लेख लिहून झाल्यावर मी तो कितीदा तपासला, ते सांगत नाही. नावे, गावे, काना-मात्रा, सगळे पाहिले. एकही चूक राहिली नाही याची खात्री झाली, तेव्हा आरूला बोलावले आणि म्हटले, "आरू, मापारी सरांचा वाढदिवस आहे. सर आता पाच वर्षांचे होणार." आणि गप्प बसले.

आरूने कपाळाला हात लावला. "आत्या, पाचची तं मी हाये! सर तं बुढे हायेत."

"मग किती?"

तिने बोटे पाहिली. ती पुरणार नाहीत हे तिच्या लक्षात आले. बाबांकडे जाऊन विचारून आली आणि म्हणाली, "साठ. पण अजून लय व्हाचे हायेत त्याईले."

माझीही हीच प्रार्थना आहे. अजून लय व्हायचे आहेत. सरांचे गुडघे सतरंजीवर बसण्याइतके आणि तिथून उठण्याइतके चांगले राहोत, त्यांच्या कानांना एवढ्याशा आवाजातले शब्दही नीट ऐकू येवोत, काकूंची भाजी ते वर्षानुवर्षे मुद्दाम विसरोत. आदरणीय मापारी सरांना त्यांच्या पाचव्या वाढदिवसानिमित्त माझ्या आणि आमच्या घरातील सर्वांच्या वतीने उदंड, निरोगी आयुष्याच्या हार्दिक शुभेच्छा.

संपादक मंडळास नम्र विनंती, की वरच्या वाक्यातील 'पाचव्या' हा शब्द कृपया दुरुस्त करू नये. समारंभात ते वाक्य मी मोठ्याने वाचणार आहे आणि मग गप्प बसणार आहे. पहिल्या रांगेत, बाबांच्या मांडीवर, आरू बसलेली असेल.